शाळा घरी येते तेव्हा

नुकताच दसरा होऊन गेला. ज्या घरांतून अजून रिवाज चालतो, तिथे पाटीवर एकच्या आकड्यांची सरस्वती काढली गेली असेल आणि एखाद्या चिमुरड्याचे बोट धरून त्याच्याकडून तांदळात ‘श्री’ गिरवून घेतला असेल. हा रिवाज आपण हौसेखातर ठेवला आहे. एके काळी त्याला एक मोठे काम होते, ते मात्र आपण विसरलो.

गेली वीस वर्षे मी लहान मुलांच्या वर्गावर आहे. जूनचा पहिला दिवस आला की आईचा पदर सुटत नाही, बापाच्या धोतराची जागा आता पँटीने घेतली असली तरी तिलाही तशीच मिठी बसते. पहिलीतले रडतात हे ठीकच. पण दुसरीत गेलेली, वर्षभर माझ्यापाशी बागडलेली पोरेसुद्धा बाई बदलल्या म्हणून कावरीबावरी होतात. सकाळी पोट दुखते. मोठी माणसे म्हणतात, ढोंग आहे. माझा अनुभव असा, की ते खरेच दुखते.

मग मनात येते, जुन्या लोकांनी या भीतीचे काय केले? याचे उत्तर मला बळ्ळारीच्या एका कलेक्टराच्या कागदात सापडले. 1822 साली मद्रासचा गव्हर्नर टॉमस मन्रो याने इलाख्यातल्या देशी शाळांची माहिती मागवली. बहुतेक कलेक्टरांनी आकडे धाडून हात झटकले. बळ्ळारीच्या कॅम्पबेलने मात्र 1823 च्या ऑगस्टात शाळेचे चित्रच काढून पाठवले. त्याच्या जिल्ह्यात 533 शाळा होत्या; त्यांतल्या 23 मराठी. म्हणजे हे चित्र आपल्याला अगदीच परके नाही.

तो सांगतो : मूल पाच वर्षांचे झाले की आईबाप पंतोजींना आणि शाळेतल्या साऱ्या मुलांना आपल्या घरी बोलावीत. मध्ये गणपती, भोवती मुलांचे कोंडाळे, गणपतीसमोर हे नवे मूल आणि त्याच्या शेजारी पंतोजी. धूप जळे, नैवेद्य होई. पंतोजी मुलाकडून प्रार्थना म्हणवून घेत आणि त्याचे बोट धरून तांदळात देवाचे नाव लिहवीत. मग यथाशक्ती देणगी घेऊन निघून जात. शाळा सुरू व्हायची ती दुसऱ्या दिवशी सकाळी!

वाचकहो, यातली खुबी पाहा. मूल शाळेत जाण्याआधी शाळा मुलाच्या घरी येऊन जाई. दुसऱ्या दिवशी त्या ओसरीवर पाऊल टाकताना निदान चेहरे तरी ओळखीचे असत. ज्याने काल माझा हात धरला तोच हा बाबा, एवढे तरी त्या जिवाला कळे.

पुढचे दिवस मात्र गोड नव्हते. रोज जो मुलगा पहिला येई त्याच्या तळहातावर सरस्वतीचे नाव लिहीत, दुसऱ्याच्या हातावर पूज्य काढीत, तिसऱ्याला एक हलकी छडी, चौथ्याला दोन, आणि मग मागून येणाऱ्या प्रत्येकाला एकेक चढती. आळशी पोराला हात बांधून आढ्याला टांगण्याची शिक्षाही कॅम्पबेलने नोंदली आहे. जुन्या शाळेचे गोडवे गाणाऱ्यांनी हे पान उलटून पुढे जाऊ नये. 2009 च्या कायद्याने छडी बंद झाली, चांगले झाले. पण भीती गेली नाही, कारण ती केवळ छडीची नव्हतीच. ती परक्या घराची होती.

आणखी एक गोष्ट. त्या 533 शाळांतल्या 6641 विद्यार्थ्यांत मुली होत्या अवघ्या 60. अस्पृश्यांच्या अंगणात तर कोण पंतोजी गणपती मांडून बसणार? शाळा घरी येई ती ठरावीक घरांच्याच. 1848 साली पुण्यात भिडे वाड्यात जोतीराव-सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली, तेव्हा वाटेने जाताना शेणमातीचे गोळे झेलण्याची पाळी मास्तरीणबाईंवरच आली. तिथे मुलींचे भय काय वर्णावे!

पुढे 1855 साली सरकारी शिक्षणखाते आले. हजेरीपट आले, इयत्ता आल्या, ‘दिपोटी’ आले. शाळा अधिकाधिक जणांची झाली हे त्या खात्याचे श्रेय. पण मुहूर्त पाहून एकेक मूल आणण्याची रीत मोडली, आणि सारी पोरे एकाच दिवशी एका दारातून आत लोटली जाऊ लागली. आमचा जूनमधला गलका हा त्याचाच वारसा.

मुलाच्या दारी जाण्याची ती जुनी चाल पुन्हा दिसली ती समुद्रकाठच्या बोर्डीला. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात काम करून आलेल्या. 1945 साली त्यांनी बोर्डीत ग्रामीण बालशिक्षणाचे काम मांडले. अनुताई वाघ सोबतीला आल्या. पण हरिजनवाड्यातली मुले बालवाडीकडे फिरकेनात. कशी फिरकतील? त्या स्वच्छ, नीटनेटक्या जागेचेच त्यांना भय. दुसरे कोणी असते तर ‘या लोकांना शिक्षणाची गोडीच नाही’ म्हणून मोकळे झाले असते. ताराबाईंनी शाळाच उचलली आणि वाड्यातल्या अंगणात नेऊन मांडली. आई समोर भाकरी थापते आहे, शेळी दाव्याला आहे आणि मूल शिंपले-बिया मोजते आहे! आधी अंघोळ, नखे काढणे, केस विंचरणे, अक्षरे सावकाश. या शाळेला नाव पडले ‘अंगणवाडी’. 2 ऑक्टोबर 1975 रोजी केंद्र सरकारने देशात 33 ठिकाणी बालविकासाची योजना सुरू केली, तेव्हा हेच मराठी नाव तिने घेतले. आज ते काश्मीरपासून केरळपर्यंत पाट्यांवर आहे.

1957 मध्ये ही मंडळी कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांत गेली. तिथली मुले तर अंगणातही सापडेनात. ती दिवसभर गुरांमागे रानात. मग शिक्षक कुरणात गेले. त्या शाळेला ते कुरणशाळा म्हणत. गुरे चरत, मुले त्यांच्यावर एक डोळा ठेवून झाडाखाली शिकत, आणि एखादी गाय फार लांब गेली तर धडा तेवढा वेळ थांबे.