आरक्षित जमीन आणि भरपाईचा प्रश्न : महाराष्ट्रातील नगररचना कायद्यांचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
शासनाने खाजगी जमीन संपादित केल्यास मोबदला द्यावा लागतो. परंतु जमीन मालकाच्याच नावावर ठेवून तिच्या वापरावर निर्बंध घातल्यास होणाऱ्या हानीचे काय? प्रस्तुत निबंधात महाराष्ट्रातील नगररचना कायद्यांच्या आधारे या प्रश्नाचा मागोवा घेतला आहे.

योजना आणि आरक्षण :
१९१५ च्या मुंबई नगररचना कायद्याने भूखंडांची फेररचना करताना मालकाची हानी व त्याला होणारा लाभ यांचा हिशेब योजनेतच मांडण्याची पद्धत आणली. १९५४ च्या कायद्याने विकास योजनेवर भर दिला आणि महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ ने तीच दिशा पुढे नेली. शाळा, उद्यान वा रस्त्यासाठी आरक्षण पडले की मालकी कायम राहते. त्या प्रयोजनाशी विसंगत बांधकाम मात्र करता येत नाही. मोबदला मिळतो तो पुढे, संपादनाच्या वेळी.

मुदतीचे संरक्षण :
या प्रतीक्षेला कलम १२७ ने मर्यादा घातली. दहा वर्षांत संपादन न झाल्यास मालक सूचना देऊ शकतो. त्यानंतर विहित मुदतीत कार्यवाही न झाल्यास आरक्षण व्यपगत होते. मूळची सहा महिन्यांची ही मुदत २००९ मध्ये बारा व २०१५ मध्ये चोवीस महिने झाली. केवळ संपादनाचा प्रस्ताव पाठविणे म्हणजे कार्यवाही नव्हे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने गिरनार ट्रेडर्स प्रकरणी २००७ मध्ये बहुमताने दिला.

रोख रकमेऐवजी चटईक्षेत्र :
मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने हस्तांतरणीय विकास हक्काचा (टीडीआर) पर्याय दिला. जमीन पालिकेकडे सोपविल्यास मालकाला अन्यत्र वापरता येणारे वा विकता येणारे चटईक्षेत्र मिळू लागले. पालिकेच्या तिजोरीवरील भार हलका झाला; परंतु भरपाईचे मूल्य बाजारभावावर अवलंबून राहिले आणि वाढीव बांधकामाचा ताण हक्क वापरला जाणाऱ्या वस्तीवर पडला.

निष्कर्ष :
४४ व्या घटनादुरुस्तीने (१९७८) मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून वगळला. तरी अनुच्छेद ३००-अ मुळे कायद्याच्या आधाराशिवाय कोणालाही मालमत्तेपासून वंचित करता येत नाही. आरक्षण व्यपगत झाले की मालकाला न्याय मिळतो, पण वस्ती नियोजित उद्यानाला मुकते. भरपाई टाळल्याने सार्वजनिक सोयीचा खर्च नाहीसा होत नाही. तो आधी एका मालकावर आणि नंतर संपूर्ण वस्तीवर पडतो. म्हणूनच आरक्षण व त्याच्या खर्चाची तरतूद एकत्र करणे आवश्यक आहे. हानी व लाभ एकाच योजनेत मोजणारी १९१५ ची दृष्टी या संदर्भात आजही विचारार्ह ठरते.