टोक्याच्या तरीवर, श्रावणातली एक खेप

चपला इथेच काढा. घड्याळ, मोबाईल, गाडीची किल्लीही ठेवून द्या. छत्रपती संभाजीनगरला जाताना प्रवरासंगमच्या पुलावरून तुम्ही कितीदा तरी गेला असाल, गाडीच्या काचेतून जायकवाडीच्या फुगवट्याचं थोपलेलं पाणी पाहिलं असेल. ते पाणी विसरा. पूल नाही, धरण नाही. श्रावणातला सोमवार आहे आणि तुम्ही टोक्याच्या घाटाखाली, सिद्धेश्वराच्या देवळाकडे पाठ करून, पोटरीभर चिखलात उभे आहात. साल विचारत बसू नका. नाव सुटायची वेळ झालीय.

आधी वास येतो. ओल्या घोंगड्यांचा, चुरगळलेल्या बेलाचा, शेणाचा, नावेच्या फळ्यांना पाजलेल्या तेलाचा. मग गलका. पलीकडे कायगावला जाणारे, पलीकडून दर्शनाला आलेले, कडेवर पोरं, डोक्यावर गाठोडी, एक शेळी आणि तिला नावेत बसायचं नाही म्हणून तिला ओढणारी तिची मालकीण. तुमच्या बरगडीत कुणाचं तरी कोपर रुततंय. ऊन चटके देतंय, आभाळात ढगाचा पत्ता नाही, आणि समोर गोदावरी दुथडी भरून चाललीय. चुकल्यासारखं वाटतं ना? नेवाशाकडे पाऊस बेताचाच. पण प्रवरा येते रतनगडाकडून, गोदावरी त्र्यंबकेश्वराहून. तिकडे घाटमाथ्यावर काल-परवा कोसळलेलं पाणी आज इथे उन्हात येऊन पोचलंय. विसर्ग किती हे सांगणारं कुणी नाही, भोंगा नाही. प्रवरेवरचं भंडारदऱ्याचं धरण पुरं व्हायला १९२६ साल उजाडणार आहे. काठावरच्या चिखलात रोवलेली एक काठी तेवढी आहे. म्हातारा नावाडी येता-जाता तिच्याकडे बघतो. सकाळी तिच्या बुडाशी असलेलं पाणी आता वीतभर वर चढलंय.

बसलात? नाही, तिथे नको, मधे बसा. नाव लगेच पलीकडे निघत नाही. चार तरणे कोळी दोर खांद्यावर घेऊन काठाकाठाने तिला धारेविरुद्ध वर ओढत नेतात, बरंच वर, घाट दिसेनासा होईपर्यंत. धार तुम्हाला खाली नेणारच, तेवढं वर आधीच चढून ठेवायचं. मग दोर आत येतो, वल्ही पडतात, म्हातारा नावेचं नाक धारेकडे थोडं तिरकं धरतो आणि तीच धार नावेला आडवी पलीकडे ढकलू लागते. पाण्याशी कुणी झोंबत नाही. मागे दाव्याने धरलेले दोन बैल फुरफुरत पोहताहेत, नुसती शिंगं आणि नाकपुड्या वर.

पुढे बघा. प्रवरेचं पाणी गोदावरीला भिडतं तिथे पाण्यावर एक रेघ उठलीय. अलीकडे एक ओढ, पलीकडे दुसरी, मधे फेस, काटक्या, एक आख्खं बाभळीचं खोड गरगरतंय. म्हातारा ओरडतो, ‘‘धरून बसा!’’ तुम्ही नेमके तेव्हाच वाकून बघता.

गार पाणी. नाकात माती. वर काय, खाली काय, कळत नाही. डोकं बाहेर येतं तर नाव केवढी तरी लांब, आणि पायाला काहीतरी टणक लागतं. उभं राहावंसं वाटतं. ‘‘उभा राहू नको! उताणा हो! पाय फुडं कर, पाय वर!’’ ऐका म्हाताऱ्याचं. वेगाच्या पाण्यात उभं राहिलं आणि पाय दोन दगडांच्या फटीत अडकला, तर कमरेएवढं पाणीसुद्धा माणसाला आडवं करून दाबून ठेवतं. उताणे व्हा, तळवे पुढे, बोटं पाण्याबाहेर. खडक आला तर पाय त्याला टेकतील, डोकं नाही. हात तिरके मारत काठाकडे सरका.

काठावर बघायची सवड मिळाली तर एक गोष्ट दिसेल. पोरं तुम्ही पडलात तिथे धावत नाहीत. खाली पळताहेत, जिथे तुम्ही येणार आहात तिथे. पाठीला पांगाऱ्याचा बिंडा बांधून ही पोरं याच डोहात पोहायला शिकली. नदी पडलेल्याला कुठे आणून सोडते ते त्यांना ठाऊक आहे. एकजण दोर फेकतो, तुमच्या डोक्यापलीकडे, म्हणजे तो आडवा तुमच्या हाताशी येतो. खांद्यावरून घ्या, छातीशी धरा, पाठ धारेकडे. कमरेला बांधू नका, मनगटाला गुंडाळू नका. हवं तेव्हा तो सोडता आला पाहिजे. आणि तो पोरगा तुम्हाला खेचत नाहीये. टाचा रोवून नुसता बसलाय. बाकीचं धार करते, तुम्हाला कमानीत फिरवून काठाला लावते. कुणीही तुमच्यामागे उडी मारलेली नाही. मला यांचं सगळ्यात मोठं शहाणपण हेच वाटतं. बुडणारा माणूस हाताला येईल त्याला मिठी मारतो, म्हणून आधी दोर, मग बांबू, मग भोपळ्यांची सांगड. अंगाने पाण्यात उतरायचं ते अगदी शेवटी.

आज कोलाडला कुंडलिकेत राफ्टिंगला गेलात तर हेल्मेट घातलेला गाईड हेच बजावतो: उताणे, पाय पुढे, उभं राहायचं नाही. प्रवरा-गोदावरीकाठच्या आपल्या पोरांना मात्र हे कुणी सांगत नाही, आणि नद्या तर आणखी फसव्या झाल्यात. कोल्हापुरी बंधाऱ्यावरून पाणी पडतं तेव्हा खाली ते उलटं फिरतं आणि आत गेलेलं पुन्हा पुन्हा बंधाऱ्याकडेच ओढून घेतं. वरून बघणाऱ्याला ते जेमतेम खळखळणारं पाणी दिसतं. २०२४ च्या मे महिन्यात अकोले तालुक्यात सुगावजवळ बुडालेल्यांना शोधायला राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची बोट प्रवरेत उतरली, ती उलटली आणि दलाचे तीन जवान गेले. ती शिकलेली माणसं होती. मग सुट्टीत नदीवर पोहायला जाणाऱ्या आपल्या पोरांना निदान दोर फेकायला तरी शाळेतच शिकवायला नको का?

तुम्ही अजून खोकताय. कुणी घोंगडं टाकलंय अंगावर, त्याची लोकर मानेला टोचतेय. एक बाई गुळाचा खडा हातावर ठेवते, ‘‘खावा, थरथर थांबंल.’’ नाव पलीकडच्या काठाला लागलीय, ती शेळी सगळ्यांच्या आधी उतरलीय. परतीची माणसं चढताहेत, आणि त्या पोराने ओला दोर वेटोळं करून तुमच्या पुढ्यात आणून टाकलाय.

‘‘पाव्हणं, उठा. आता फेकून दाखवा. त्यो ओंडका येतोय बघा, त्याच्या पल्याड पडला पाहिजे.’’