पाहुण्यांच्या नजरेतला फिलिपिनो माणूस

क्रूझ जहाजांवर, मालवाहू बोटींवर, आखाती देशांतील रुग्णालयांत आणि हाँगकाँगच्या घरांत जगाला सर्वाधिक भेटणाऱ्या परदेशी कामगारांमध्ये फिलिपिनो माणूस असतो. गोव्यातील तारवटी कुटुंबांना हे वेगळे सांगायला नको. घरातील कोणी ना कोणी जहाजावर फिलिपिनो सहकाऱ्यासोबत काम केलेले असते. हसतमुख, मनमिळाऊ, गाण्याचा शौकीन, घरी पैसे पाठवण्यासाठी राबणारा अशी त्याची ओळख जगभर रुळली आहे. ही ओळख खोटी नाही, पण ती अलीकडची आहे. गेल्या पाचशे वर्षांत त्या द्वीपसमूहात आलेल्या परदेशी माणसांनी तिथल्या लोकांविषयी बरेच लिहून ठेवले आहे. हे लेखन सलग पाहिले की लक्षात येते ते असे, की लिहिणारा ज्या कामासाठी आला त्याप्रमाणे फिलिपिनो माणसाचा स्वभाव कागदावर बदलत गेला.

या लेखनाची सुरुवात अंतोनियो पिगाफेत्ता या इटालियन प्रवाशापासून होते. फर्डिनांड मॅगेलनच्या ताफ्यात तो होता. (मॅगेलन त्यापूर्वी 1505 मध्ये पोर्तुगीज आरमारासोबत हिंदुस्थानात येऊन गेला होता.) पॅसिफिक महासागर ओलांडताना तीन महिन्यांहून अधिक काळ ताजे अन्न न मिळालेले, चामडे आणि उंदीर खाऊन जगलेले हे खलाशी मार्च 1521 मध्ये सामार बेटाजवळ पोहोचले. शेजारच्या बेटावरून एक होडी आली. तिच्यातील लोकांनी मासे, केळी, नारळ आणि माडाची दारू दिली आणि चार दिवसांनी आणखी घेऊन येतो असे सांगून, शब्द पाळून ते परत आले. पिगाफेत्ताने या लोकांना सुस्वभावी आणि विवेकी ठरवले. त्यानंतर तो नारळाच्या वर्णनात अक्षरशः रमला आहे. खोबरे, तेल, दूध, व्हिनेगर, काथ्या सारे त्याने नोंदवले आणि दोन माडांवर दहा माणसांचे कुटुंब जगू शकते असा हिशेबही मांडला. माडाच्या दारूसाठी त्याने लिहिलेला ‘उराका’ हा शब्द गोव्यातील हुर्राकाच्याच अरबी कुळातला आहे.

मात्र त्याआधी जेमतेम दहा-बारा दिवस, ग्वाम बेटावर, याच ताफ्याने तिथल्या बेटांना ‘चोरांची बेटे’ असे नाव देऊन घरे जाळली होती आणि सात माणसे मारली होती. तिथे होडी चोरीला गेली होती, इथे नारळ मिळाले. पुढे सेबूचा राजा हुमाबोन याच्याशी मैत्री झाली आणि 27 एप्रिल 1521 रोजी मॅक्तान बेटावर लापुलापुच्या योद्ध्यांनी मॅगेलनला ठार केले. त्यानंतर पिगाफेत्ताच्या लेखनाचा सूर अर्थातच पहिल्यासारखा राहत नाही.

स्पॅनिश सत्ता स्थिर झाल्यावर वर्णने करणारे लोक बहुतेक धर्मगुरू आणि अधिकारी होते. पेद्रो चिरिनो या जेझुइट पाद्रीचा ग्रंथ 1604 मध्ये रोम येथे छापला गेला. त्याला दोन गोष्टींचे नवल वाटले. एक म्हणजे स्त्री असो वा पुरुष, आपल्या लिपीत लिहू-वाचू न शकणारा माणूस तिथे क्वचितच आढळतो. दुसरी गोष्ट आंघोळीची. लहानथोर सारे रोज नदीत उतरतात, घराच्या दाराशी पाण्याचे भांडे असते आणि पाय धुतल्याशिवाय आत कोणी येत नाही, असे तो लिहितो. कोकणातल्या वाचकाला यात नवल वाटण्यासारखे काही नाही. सोळाव्या शतकातल्या युरोपातून आलेल्या माणसाला ते वाटले.

अंतोनियो दे मोर्गा हा मनिलातील वरिष्ठ अधिकारी. त्याचा ग्रंथ 1609 मध्ये मेक्सिकोत निघाला. माहितीने भरलेल्या या पुस्तकात तो एके ठिकाणी म्हणतो, की या लोकांना मासा सडू लागून वास मारायला लागला की अधिक आवडतो. हे वाक्य जवळजवळ पावणेतीनशे वर्षे तसेच राहिले. मग होसे रिझाल या तरुण फिलिपिनो डॉक्टरने लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये बसून मोर्गाचा ग्रंथ हाताने उतरवून काढला आणि 1890 मध्ये आपल्या टिपांसह पॅरिसमधून प्रसिद्ध केला. माशासंबंधीच्या टिपेत त्याने शांतपणे सांगितले की हा सडका मासा नव्हे, हे ‘बागोओंग’. मीठ घालून मुरवलेली मासळी किंवा कोळंबी. जे खाण्याची सवय नसते ते प्रत्येक राष्ट्राला किळसवाणे वाटते, एवढाच त्याचा अर्थ. ज्या राज्यात गालमो आणि बलचांव ताटात असतात, तिथे ही टीप समजायला अडचण येऊ नये.

सर्वांत अधिक नुकसान केले ते ‘आळशी’ या शब्दाने. गास्पार दे सान आगुस्तिन या फ्रायरने 1720 मध्ये लिहिलेल्या पत्रात फिलिपिनोंना कृतघ्न, सुस्त आणि अविश्वासू ठरवले. हे पत्र नंतर हस्तलिखितांतून आणि छापील पुस्तकांतून सतत उद्धृत होत राहिले. त्याला पहिले उत्तर एका स्पॅनिश माणसानेच दिले, ही नोंद घेण्यासारखी बाब आहे. हुआन होसे देल्गादो या जेझुइटाने अठराव्या शतकाच्या मध्यास विचारले, की आपण खातो तो तांदूळ कोण पिकवतो, आपली घरे कोण बांधतो आणि आपली जहाजे कोण वल्हवतो? तरीही शब्द टिकला, कारण तो सोयीचा होता. वेठबिगार, जुलमी कर आणि सक्तीची विक्री यांचे समर्थन करायचे तर ज्याच्यावर ती लादायची तो मुळातच कामचुकार असणे बरे.

रिझालने 1890 च्या जुलै ते सप्टेंबर या काळात ‘ला सोलिदारिदाद’ या पाक्षिकातून पाच भागांत या आरोपाचा समाचार घेतला. त्याच्या लेखमालेचे बळ असे, की तो आरोप फेटाळून मोकळा होत नाही. आळस आहे, असे तो मान्य करतो आणि मग विचारतो की तो आला कुठून. उष्ण हवेत माणूस मंद होतो हे खरे, पण मग तिथे आलेला युरोपीय माणूस नोकरांच्या घोळक्यात बसून राहतो, पायी चालत नाही, त्याला कोणी आळशी का म्हणत नाही? पिगाफेत्ता आणि मोर्गा यांच्याच नोंदी काढून तो दाखवतो की स्पॅनिशांपूर्वी ही बेटे व्यापारात, शेतीत आणि खाणकामात गुंतलेली होती. मग लढायांसाठी माणसे ओढून नेली गेली, जहाजे बांधण्यासाठी वेठ लागली, व्यापारावर बंधने आली आणि कष्टाचे फळ दुसऱ्याच्या घरात जाऊ लागले. अशा माणसाने राबावे कशासाठी, हा त्याचा प्रश्न. आळस हा दुरवस्थेचे कारण नसून परिणाम आहे, असे त्याचे म्हणणे होते. 30 डिसेंबर 1896 रोजी मनिलात त्याला गोळ्या घालण्यात आल्या, तेव्हा तो पस्तीस वर्षांचा होता. ‘सुशेगाद’ या एका शब्दात बसवले गेलेल्या गोमंतकीयांनी ही लेखमाला एकदा तरी वाचावी.

जाता जाता शब्दाचीही एक गंमत. त्या काळी ‘फिलिपिनो’ म्हणजे बेटांवर जन्मलेला स्पॅनिश माणूस. मूळ रहिवाशाला ‘इंदिओ’ म्हणत. रिझालच्या पिढीने हे नाव आपल्याकडे घेतले.

अमेरिकनांचा काळ वेगळ्या भाषेने सुरू झाला. मुंबईत जन्मलेल्या रुड्यार्ड किपलिंगची गोऱ्या माणसाच्या ओझ्याविषयीची प्रसिद्ध कविता 1899 ची असून ती फिलिपिन्स ताब्यात घेणाऱ्या अमेरिकेला उद्देशून आहे, हे अनेकांच्या ध्यानात नसते. त्याच वर्षी फिलिपिनो-अमेरिकन युद्ध पेटले. पहिले मुलकी गव्हर्नर विल्यम हॉवर्ड टाफ्ट फिलिपिनोंना ‘छोटे सावळे बंधू’ म्हणत. 1901 मध्ये ‘थॉमस’ जहाजातून सुमारे पाचशे अमेरिकन शिक्षक आले आणि इंग्रजी शाळाशाळांत पोहोचली. आज फिलिपिनो परिचारिका जगभर सहज वावरते, त्याची मुळे तिथे आहेत. पण 1904 च्या सेंट लुईस येथील जागतिक प्रदर्शनात हजारभर फिलिपिनो माणसे प्रेक्षणीय वस्तूंसारखी मांडली गेली. सर्वांत मोठी गर्दी झाली ती डोंगराळ भागातील इगोरोतांच्या कुत्रे खाण्याच्या प्रथेभोवती. त्याच प्रदर्शनात फिलिपिन्स पोलीस दलाचा वाद्यवृंद उत्तम पाश्चात्त्य संगीत वाजवत होता, त्याचीही वाहवा झाली. अमेरिकेच्या स्मरणात अधिक राहिले ते कुत्रे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कुतूहलाची जागा समाजशास्त्राने घेतली. अमेरिकन जेझुइट मानववंशशास्त्रज्ञ फ्रँक लिंच यांनी असे मांडले, की फिलिपिनो माणूस परस्परसंबंधांत खडखडाट होऊ देत नाही. त्यासाठी वापरलेले शब्द आजही प्रत्येक परदेशी पाहुण्याच्या मार्गदर्शक पुस्तकात सापडतात. ‘पाकिकिसामा’ म्हणजे सगळ्यांना सांभाळून घेणे, ‘हिया’ म्हणजे लाज किंवा भीड, ‘उतांग ना लोओब’ म्हणजे अंतःकरणावरचे ऋण. युरोपीय वाचकाला हे शब्द समजावून सांगण्यासाठी पानेच्या पाने खर्च झाली आहेत. भिडेपोटी दिलेला होकार आणि न फिटणारे उपकार ठाऊक असलेल्या मराठी माणसाला ते एका ओळीत कळतात. व्हिर्जिलिओ एन्रिकेझ या फिलिपिनो मानसशास्त्रज्ञाने मात्र हरकत घेतली. ही सारी वरची साल आहे, गाभा ‘काप्वा’ या कल्पनेत आहे, असे ते म्हणत. काप्वा म्हणजे समोरचा माणूस, जो आपल्यापासून वेगळा मानलेलाच नाही. वरची साल तेवढी पाहिली की फिलिपिनो माणूस नमते घेणारा दिसतो आणि त्याच्या लढ्यांचा अर्थ लागत नाही, हा त्यांचा मुद्दा होता.

आज तिथे राहायला गेलेले परदेशी लोक लहानसहान गोष्टी अधिक सांगतात. गोऱ्या माणसाला रस्त्यावर ‘जो’ म्हणून हाक येते, ती अमेरिकन सैनिकांच्या काळापासूनची. दिशा ओठांनी दाखवली जाते, ‘हो’ भुवया उंचावून म्हटले जाते. मोठ्यांचा हात कपाळाला लावून नमस्कार करतात आणि बोलताना आदरार्थी ‘पो’ लावतात. कोणी जेवत असेल तर येणाऱ्या-जाणाऱ्याला ‘जेवायला या’ म्हणतोच. सप्टेंबर उजाडला की दुकानांत नाताळची गाणी वाजू लागतात. ‘कुठे निघालात?’ हा प्रश्न अनेक पाश्चात्त्यांना खासगी आयुष्यात डोकावणे वाटतो. त्यावर ‘इथेच जरा’ एवढे उत्तर पुरते, हे त्यांना कळायला काही महिने लागतात.

सारेच कौतुक नसते आणि फिलिपिनो ते निमूट ऐकूनही घेत नाहीत. मनिलात चित्रीकरण करून गेलेली अभिनेत्री क्लेअर डेन्स हिने शहराच्या घाणीविषयी मुलाखतींत काढलेल्या उद्गारांमुळे 1998 मध्ये मनिला नगर परिषदेने तिला अवांछित व्यक्ती ठरवले. डॅन ब्राउन यांच्या 2013 च्या ‘इन्फर्नो’ कादंबरीत मनिलाला नरकाचे दार म्हटल्यावर महानगर प्राधिकरणाच्या अध्यक्षांनी लेखकाला जाहीर पत्र लिहिले. अधिक खोल वार होता तो अमेरिकन पत्रकार जेम्स फॅलोज यांचा. मार्कोस यांची राजवट उलथल्यानंतरच्या वर्षी, 1987 मध्ये, त्यांनी ‘अटलांटिक’ मासिकात लिहिले की देशाच्या दारिद्र्याचे मूळ सदोष संस्कृतीत, राष्ट्रभावनेच्या दुबळेपणात आहे. या लेखावर मनिलात बराच काळ वाद झडला. त्यात मुद्दे होते, हे नाकारता येत नाही. परंतु जमीनदारीचे आणि परकीय सत्तेचे ओझे संस्कृतीच्या खाती टाकणे, हे सान आगुस्तिनपासून चालत आलेल्या सवयीपेक्षा फार वेगळे नव्हते.

स्तुतीचाही जाच होऊ शकतो. नोव्हेंबर 2013 मध्ये हैयान चक्रीवादळाने सहा हजारांहून अधिक बळी घेतले. उद्ध्वस्त ताक्लोबान शहरात आलेल्या परदेशी पत्रकारांनी ढिगाऱ्यातही हसणाऱ्या माणसांचे, त्यांच्या चिवटपणाचे मनापासून कौतुक केले. दर पावसाळ्यात तेच कौतुक होऊ लागले, तेव्हा फिलिपिनो लेखक आणि विद्यार्थीच विचारू लागले, की आम्ही सोसतो म्हणून बंधारे आणि निवारे बांधायचे राहून जाणार का?

आणि फिलिपिनो माणसाच्या नजरेतला परदेशी? भारतीयांपुरते बोलायचे तर संबंध जुना आहे. ‘गुरो’ म्हणजे शिक्षक, ‘मुखा’ म्हणजे चेहरा, ‘दुखा’ म्हणजे दरिद्री हे तागालोग शब्द संस्कृताचे देणे आहेत. 1762 मध्ये ब्रिटिशांनी मनिला घेतले तेव्हा मद्रासेहून नेलेल्या शिपायांपैकी काही जण कायिंता येथेच स्थायिक झाले. तरीही सामान्य फिलिपिनोच्या मनातला भारतीय म्हणजे मोटारसायकलवरून दारोदार फिरणारा सावकार. पाच उसने द्यायचे, सहा परत घ्यायचे, म्हणून त्या धंद्याचे नावच ‘पाच-सहा’. हट्टी मुलाला आई सांगते, की गप्प बस, नाहीतर तो गोणीत घालून नेईल. हे सावकार बहुतेक पंजाबी, पण त्यांना आणि एकूणच भारतीयांना तिथे म्हणतात ‘बुम्बाय’, म्हणजे मुंबईकर. दावाओच्या वैद्यकीय महाविद्यालयांत शिकायला गेलेल्या भारतीय मुलांनाही हेच नाव ऐकावे लागते.