अंदाजित वेळेची नोंद : बदलण्याचा अधिकार कोणाला?

सॉफ्टवेअर प्रकल्पातील प्रत्येक कामास किती तास लागतील, याचा अंदाज काम सुरू होण्यापूर्वी नोंदविला जातो. मनुष्यबळाची आखणी, ग्राहकास दिली जाणारी मुदत आणि अनेकदा देयकाची रक्कमही या अंदाजावर अवलंबून असते. त्यामुळे ही नोंद बदलण्याचा अधिकार कोणास असावा, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

समजा, एका कामासाठी 40 तासांचा अंदाज होता. 30 तास खर्च झाले असून आणखी 25 तास लागणार आहेत. म्हणजेच 15 तासांची वाढ झाली. मात्र कोणी मूळ आकडाच 55 केला, तर ही वाढ अहवालातून नाहीशी होते आणि पुढील प्रकल्पाचा अंदाज बांधण्यासाठी अनुभवाचा आधार उरत नाही.

ऑस्ट्रेलियातील सिडनी येथे 2002 साली स्थापन झालेल्या अ‍ॅटलासियन या कंपनीच्या 'जिरा' या प्रणालीत मूळ अंदाज, उर्वरित अंदाज आणि खर्च झालेला वेळ असे तीन आकडे ठेवले जातात. सुरुवातीच्या आवृत्त्यांत कामाचे तास एकदा नोंदविले गेले, की मूळ अंदाज बदलता येत नसे. पुढे ही मुभा देण्यात आली. परंतु केवळ अंदाजासाठी स्वतंत्र परवानगीची सोय मूळ प्रणालीत नाही. नोंदीत दुरुस्ती करण्याचा सर्वसाधारण अधिकार असलेल्या व्यक्तीस अंदाजही बदलता येतो.

यावर एक प्रचलित उपाय आहे. वेळेचा रकाना दुरुस्तीच्या स्क्रीनवरून काढला जातो आणि कामाची अवस्था बदलताना उघडणाऱ्या वेगळ्या स्क्रीनवर ठेवला जातो. ती अवस्था बदलण्याचा अधिकार प्रकल्पप्रमुखासारख्या ठरावीक भूमिकेपुरता मर्यादित केला जातो. काम करणाऱ्यास मात्र खर्च झालेले तास नोंदविताना उर्वरित अंदाज सुधारता येतो.

2006 साली प्रसिद्ध झालेल्या 'रेडमाइन' या मुक्त स्रोत प्रणालीत 2012 मधील 2.1 आवृत्तीपासून भूमिका, कामाचा प्रकार व अवस्था यांनुसार एखादा रकाना केवळ वाचनापुरता ठेवता येतो. अंदाजित वेळेचा रकानाही त्यात येतो.

तथापि, सरसकट निर्बंध घातक ठरू शकतात. काम लांबत असल्याचे सर्वप्रथम ते करणाऱ्यास कळते. त्यास उर्वरित वेळ बदलता आला नाही, तर विलंबाची सूचना वरिष्ठांपर्यंत उशिरा पोहोचते. म्हणून मूळ अंदाज संरक्षित ठेवावा, उर्वरित अंदाज काम करणाऱ्याकडे असावा आणि मूळ आकड्यातील प्रत्येक बदलाचे कारण नोंदवावे, ही विभागणी उपयुक्त ठरते. जिरा व रेडमाइन या दोन्ही प्रणालींत बदल कोणी व केव्हा केला, याचा इतिहास राहतो. बदलाचे कारण मात्र माणसानेच लिहावे लागते.