नीलमातील कुजबुज: शांत सूक्ष्मतरंगांच्या शोधाचा इतिहास

१/ डॉप्लर रडारचा एक शत्रू त्याच्या पोटातच दडलेला असतो. जमिनीवरून परतणारा प्रतिध्वनी प्रचंड, विमानाचा अत्यंत क्षीण. १० गिगाहर्ट्झच्या रडारला सेकंदाला ३०० मीटर वेगाने येणारे विमान अवघ्या २० किलोहर्ट्झच्या फरकावरून ओळखावे लागते. ऑसिलेटरच थरथरला, तर विमान त्या गोंगाटात बुडून जाते. (थ्रेड)

२/ ऑसिलेटरला स्थिर ठेवतो तो रेझोनेटर. उत्तम घंटेचा नाद दीर्घकाळ घुमतो. तसा जो रेझोनेटर ऊर्जा सावकाश गमावतो, तो श्रेष्ठ. या गुणाचे माप म्हणजे ‘क्यू’.

३/ १९३० च्या दशकात स्टॅनफर्ड येथे विल्यम हॅन्सन यांनी धातूच्या पोकळीचा रेझोनेटर घडवला. त्याच्याच आधारे १९३७ मध्ये वेरियन बंधूंचा क्लायस्ट्रॉन साकारला. १९३९ मध्ये रॉबर्ट रिक्टमायर यांनी दाखवले की धातूच्या भिंतींविनाही, केवळ विद्युतरोधक पदार्थाच्या तुकड्यात तरंग कोंडता येतो.

४/ १९६६ मध्ये डेव्हिड लीसन यांनी गोंगाटाचे गणित मांडले. बाकी सारे तेच ठेवून क्यू दुप्पट केला, तर मुख्य तरंगालगतचा गोंगाट चतुर्थांशावर येतो. रेझोनेटर सुधारणे का आवश्यक, याचे उत्तर त्या एका सूत्रात होते.

५/ मात्र तांब्याच्या भिंतींत वाहणारा प्रवाह ऊर्जा उष्णतेत दवडतो. मग तरंगाला भिंतीपासून दूर ठेवायचे कसे?

६/ उत्तराचे मूळ वास्तुकलेत सापडते. लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलच्या घुमटात कुजबुज भिंतीला बिलगून दूरवर जाते, हे लॉर्ड रेले यांनी उलगडले. विजापूरच्या गोलघुमटातील अशाच नवलाचा अभ्यास पुढे चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी केला.

७/ नीलमाच्या वृत्तचितीत सूक्ष्मतरंगही तसाच कडेला बिलगून फिरतो. तो स्फटिकातच राहतो, त्यामुळे बाहेरच्या धातूच्या कवचापर्यंत फारसा पोहोचत नाही. मध्यभाग जवळपास रिक्त असतो, म्हणून स्फटिक तेथेच धरतात. सामान्य तापमानाला क्यू सुमारे २ लाख. द्रवरूप हेलियमच्या थंडीत तो १०० कोटींच्या घरात जातो.

८/ हा अट्टहास कशासाठी? ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे डेव्हिड ब्लेअर यांचा गट दीड टनाच्या नायोबियम दंडातून गुरुत्वीय लहरींची चाहूल घेत होता. दंडाचे कंपन सूक्ष्मतरंगांनी वाचायचे, तर वाचणारा तरंग त्याहून शांत हवा.

९/ अडचण तापमानाची होती. तापमान किंचित बदलले तरी नीलमाची कंप्रता सरकते. पण अतिशीत अवस्थेत, सुमारे ६ केल्विनपाशी, स्फटिकातील क्रोमियमसारख्या अत्यल्प अशुद्धी हा परिणाम नेमका खोडून काढतात. दोष मानलेली अशुद्धी येथे आधार ठरली.

१०/ ती लहर त्या दंडाला कधीच गवसली नाही. परंतु त्या शोधात घडलेला नीलमाचा ऑसिलेटर पॅरिसच्या सीझियम घड्याळाला जोडला गेला. त्या घड्याळात तेव्हा उरला तो केवळ अणूंचा अंगभूत, पुंजभौतिकीय गोंगाट. १९९९ मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. गुरुत्वीय लहरींसाठी साधलेली शांतता अखेर काळ मोजण्याच्या कामी आली.