मोर्चा : किल्ल्याच्या पायथ्यापासून कचेरीच्या दारापर्यंत

मोर्चा म्हणजे काय, हे मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाही. नळाला पाणी आले नाही की मोर्चा निघतो, पगार थकला की मोर्चा निघतो. निवडणूक जवळ आली की मोर्चेबांधणी सुरू होते. घरातसुद्धा ‘पाहुण्यांनी श्रीखंडाकडे मोर्चा वळवला’ असे आपण सहज म्हणतो. पण हा शब्द मुळात चालणाऱ्या माणसांचा नाही. तो एका जागी दबा धरून जमीन खणणाऱ्या माणसांचा आहे आणि त्याचे जुने घर म्हणजे किल्ल्याचा वेढा.

शब्द फारसीतून आला. तिथले रूप ‘मूरचाल’. फारसीत ‘मूर’ म्हणजे मुंगी आणि ‘चाल’ म्हणजे खड्डा. मुंग्या एकेक कण बाहेर टाकत जमिनीत वाट काढतात, तशी सैन्याने किल्ल्यासमोर खणलेली जागा, असा त्याचा अर्थ लावला जातो. देवाच्या पालखीवर ढाळतात ते मोरचेल वेगळे. ते मोराच्या पिसांचे, त्याचा इथे संबंध नाही. हिंदीत लोखंडाला मोरचा लागतो, म्हणजे गंज चढतो. मराठीने तो अर्थ घेतला नाही. आपण घेतला तो लढाईचा.

हे काम कसे चाले, ते पाहण्यासारखे आहे. किल्ल्याच्या बुरुजांवर तोफा असत. समोरच्या उघड्या मैदानातून तटापर्यंत धावत जाणे म्हणजे आपणहून मरण ओढवून घेणे. म्हणून बेलदार आणि मजूर रात्रीच्या अंधारात चर खणत. निघालेली माती किल्ल्याच्या बाजूला टाकत, म्हणजे तिचाच बांध होई. बांबूच्या टोपल्यांत माती भरून त्यांची भिंत रचत. चर तटाच्या दिशेने सरळ नेला, तर वरून आलेला एकच गोळा त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत माणसे कापत जाईल. म्हणून तो नागमोडी न्यायचा. पुरेसे जवळ गेले की तोफा आणून बसवायच्या. माझी निम्मी नोकरी खोदकामाची मोजमापे घेण्यात गेली आहे. भर दिवसा, कोणी गोळ्या झाडत नसतानाही चर खणणे किती किचकट असते ते मला ठाऊक आहे. अंधारात, डोक्यावर तोफ असताना ते करणाऱ्या बेलदारांची नावे मात्र कोणत्याही बखरीच्या पहिल्या पानावर सापडत नाहीत.

असेच युरोपातही घडत होते. तटाकडे सरकत जाणाऱ्या चराला इंग्रजीत ‘सॅप’ म्हणत आणि तो खणणारा तो ‘सॅपर’. पुण्याजवळ खडकीला असलेल्या बॉम्बे सॅपर्सच्या नावात तोच चर आजही शिल्लक आहे.

आता आपल्या सुरतेकडे येऊ. चौकबाजारात तापीकाठी जो किल्ला उभा आहे, तो सोळाव्या शतकात खुदावंदखानाने बांधला. १५७३ च्या सुरुवातीला खुद्द अकबर बादशहा त्याच्यासमोर येऊन बसला. आत मिर्झांच्या बाजूचा हमजबान होता. किल्ला घेता येईल की नाही हे पाहायला अकबराने आधी तोडरमलला पाठवले होते. महसुलाच्या कामासाठी आपण ज्याला ओळखतो, तोच हा तोडरमल. मग मोर्चे लागले आणि सुमारे दीड महिन्याने, फेब्रुवारीच्या अखेरीस, किल्ला शरण आला.

याच्या उलट चित्र जानेवारी १६६४ चे. शिवाजी महाराज सुरतेत आले. ६ ते १० जानेवारी एवढाच मुक्काम. मुघलांच्या वतीने शहर सांभाळणारा इनायतखान याच किल्ल्यात जाऊन लपला. किल्ल्यावरून तोफा सुटत राहिल्या, पण त्यांनी नुकसान झाले ते शहरातल्याच घरांचे. महाराजांनी किल्ल्याला मोर्चे लावले नाहीत, कारण मोर्चा म्हणजे दिवस आणि आठवडे मोजण्याचे काम. मुघल फौज येण्याआधी परतायचे असेल तर त्यात गुंतून चालत नाही. किल्ला शाबूत राहिला आणि शहर लुटले गेले. त्यानंतर शहराभोवतीच्या मातीच्या कुसवाच्या जागी विटांची भिंत उभी राहिली.

पुढच्याच वर्षी, १६६५ मध्ये, मिर्झाराजा जयसिंग आणि दिलेरखान यांनी पुरंदरला मोर्चे लावले. आधी शेजारचा वज्रगड घेतला आणि तिथून पुरंदरवर तोफा रोखल्या. मुरारबाजी पडले आणि शेवटी तह करावा लागला. मोर्चाचा मार काय असतो, ते मराठ्यांनी तिथे सोसले. पुढे हे काम मराठे स्वतः किती शिकले, त्याची साक्ष वसईने दिली. तीन बाजूंनी पाणी असलेल्या त्या कोटाला जमिनीच्या एकाच बाजूने भिडता येत होते. फेब्रुवारी १७३९ पासून चिमाजी अप्पांच्या फौजेने त्या बाजूने मोर्चे पुढे पुढे नेले, तटाखाली सुरुंग भरले, बुरूज उडवले आणि मे महिन्यात पोर्तुगीजांनी वसई सोडली.

आता प्रश्न असा की, जमिनीतला खड्डा रस्त्यावर चालायला कसा लागला? वेढ्यात एकेका सरदाराला एकेक मोर्चा वाटून दिलेला असे. त्यामुळे मोर्चा म्हणजे नुसती जागा न राहता त्या जागेवरची माणसे, आणि त्यांच्या तोफा ज्या दिशेला रोखलेल्या ती दिशा, असे अर्थ जुळत गेले. ‘मोर्चा वळवला’ हा वाक्प्रचार तिथलाच. पुढे किल्ले गेले, वेढे गेले. मागणी घेऊन एखाद्या बंद दाराकडे निघालेल्या माणसांना मराठीने हेच नाव दिले.

यातला एक योग मला फार बोलका वाटतो. मुंबईचे फ्लोरा फाउंटन १८६४ मध्ये उभे राहिले ते जुन्या मुंबई कोटाचे चर्चगेट पाडले त्या जागी. म्हणजे ती मुळात एका किल्ल्याच्या दरवाजाची जागा. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी संयुक्त महाराष्ट्रासाठी निघालेला मोर्चा तिथेच आला. गोळीबार झाला, माणसे पडली. आज त्याला आपण हुतात्मा चौक म्हणतो. तेव्हा आपली सुरतही मुंबई राज्यातच होती आणि लवकरच गुजराती माणूसही महागुजरातसाठी रस्त्यावर उतरला. १ मे १९६० ला दोन्ही राज्ये एकाच दिवशी जन्मली. पुढे १९७२ च्या सुमारास मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासोबत मुंबईच्या बायका महागाईविरुद्ध लाटणी घेऊन निघाल्या. लाटणे मोर्चा या नावात स्वयंपाकघर आणि रणांगण एकत्र आले.

हिंदीत मोर्चा म्हणजे बहुधा आघाडी. मोर्चा निघाला म्हणजे माणसे चालू लागली, हा अर्थ मात्र मराठीचा आणि आपल्या शेजारच्या गुजरातीचा. इथल्या वर्तमानपत्रांतही महिलांचा ‘मोरचो’ रिकामी माटली घेऊन पालिकेवर जातो. कामरेज गायकवाडांच्या बडोदे संस्थानात होते. दोन भाषा इथे पिढ्यान्‌पिढ्या एकाच ओसरीवर बसत आल्या आहेत. शब्दांची देवघेव होणारच.

सरकारी नोकरीमुळे मी मोर्चे आतून पाहतो. खिडकीखाली घोषणा सुरू झाल्या की कचेरीत कुजबुज होते, शिपाई फाटकाची कडी लावतो. त्या वेळी मला हा शब्द आठवतो. अकबराचे मोर्चे तट पाडायला आले होते. आजचा मोर्चा कोणाला मारायला येत नाही. हातात अर्ज असतो आणि तो घ्यायला कोणी खाली यावे एवढीच बहुधा मागणी असते. पण बाहेरची माणसे आणि बंद दार, हे चित्र तेच आहे. एक मात्र आपल्या हातात आहे. किल्लेदाराला दार उघडण्याची मुभा नव्हती. आपल्याला ती आहे.

कामरेजहून चौकबाजार काही लांब नाही. विसर्जनानंतर एखाद्या रविवारी मुलांना घेऊन सुरतेचा किल्ला जरूर बघा. तटावरून बाहेर पाहायला सगळेच जातात. मुलांना एकदा बाहेर उभे करून तटाकडेही पाहायला सांगा. मोर्चा या शब्दाचा अर्थ त्या बाजूने कळतो.

गणपती बाप्पा मोरया!