बापलेकांची तालीम

रविवारी सकाळी अंधेरीतल्या एखाद्या मैदानाच्या कडेला पाच मिनिटं उभं राहावं. मुलं धावत असतात, शिक्षक शिट्टी फुंकत असतात. आणि वडीलमंडळी? ती कठड्याला टेकून चहा घेत असतात. मुलांच्या व्यायामात बाप हा प्रेक्षक केव्हापासून झाला, हा प्रश्न दिसायला साधा आहे. पण त्याच्या उत्तरात आपल्या उपनगराचा बराच इतिहास दडलेला आहे.

आपल्याकडे पूर्वी असं नव्हतं. गावच्या तालमीत मुलगा जायचा तो बहुधा वडिलांचं किंवा चुलत्याचं बोट धरून. लाल माती अंगाला लावायची, जोर-बैठका काढायच्या, हे सारं घरातल्याच कुणाकडून शिकायचं. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांचंच पाहा ना. १९५२ साली हेलसिंकीला त्यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांचे पहिले वस्ताद कोण? तर त्यांचे वडील दादासाहेब. ते स्वतः पैलवान होते आणि पाच वर्षांच्या पोराला त्यांनीच मातीत उतरवलं.

दुसरं उदाहरण औंध संस्थानचं. राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा प्रसार हे आयुष्याचं व्रतच मानलं होतं. १९२८ साली त्यांनी त्यावर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. संस्थानातल्या शाळांतून नमस्कार सुरू केले. पण मुख्य म्हणजे ते आधी स्वतः घालीत, आणि राणीसाहेबांनी व मुलांनीही घालावेत असा नेम ठेवीत. त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत पुढे भारताचे मुत्सद्दी म्हणून जगभर फिरले. वडिलांकडून मिळालेल्या या व्यायामावर त्यांनीही १९७० साली पुस्तक लिहिलं. बापाने सांगितलेलं मूल विसरतं. बापाने केलेलं विसरत नाही, ते असं.

औंधचा आणखी एक विशेष सांगायला हवा. गावच्या आखाड्यात मुलींना सहसा जागा नव्हती. बापलेकांची ती तालीम खरोखर बापांची आणि लेकांचीच होती, लेकी बाहेर. सूर्यनमस्काराला मात्र माती लागत नाही, जोडीदार लागत नाही. लागते ती चटईएवढी जागा. त्यामुळे तिथे लेकींचीही सोय झाली.

मग अंधेरीत काय झालं? १८६७ साली विरारहून मुंबईला आगगाडी जाऊ लागली आणि अंधेरी तिच्या वाटेवरचं स्टेशन झालं. १९२८ साली बोरिवलीपर्यंत विजेची गाडी आली. १९५० साली अंधेरी बृहन्मुंबईत सामील झाली. भातखाचरं जाऊन चाळी आल्या, मग इमारती आल्या. बाप सकाळी गाडी गाठू लागला आणि मूल झोपल्यावर परतू लागला. इकडे मुलांचा व्यायाम शाळेच्या वेळापत्रकात गेला. शारीरिक शिक्षणाचे शिक्षक तयार करण्यासाठी १९३८ साली सरकारने जवळच कांदिवलीला संस्था काढली. काम फार मोलाचं झालं, यात शंका नाही. पण बाप सुटला, तो सुटलाच!

त्याला परत आणण्याची एक खटपट अलीकडे झाली. कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७४ पासून ठराविक दिवशी काही रस्ते मोटारींना बंद करून माणसांना मोकळे करतात. त्याच धर्तीवर २०१४ साली वांद्रे ते सांताक्रूझ भागात रविवारचे रस्ते मोकळे झाले. मार्च २०२२ मध्ये मुंबई पोलिसांनी हा उपक्रम पुन्हा हाती घेतला, तेव्हा त्यात अंधेरीचा लोखंडवाला रस्ताही होता. एरवी ज्या रस्त्यावर मुलाचा हात घट्ट धरून ठेवावा लागतो, तिथेच तो सोडता आला. मुलाच्या सायकलमागे धावायचं तर बापाला चहाचा पेला खाली ठेवावाच लागतो.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं अंगमेहनत हवी, आणि मोठ्यांना आठवड्याला किमान १५० मिनिटं. म्हणजे दोघांचीही गरज आहे. दोघांची वेळ तेवढी जुळत नाही. रस्ता आठवड्यातून एकदा मोकळा होईल, न होईल. मैदानं तर दिवसेंदिवस आखडत चालली आहेत, आणि त्यांच्यासाठी भांडावं हे खरंच. पण तोवर गच्ची आहे, चाळीचा व्हरांडा आहे, आणि गाडी गाठण्यापूर्वीची दहा मिनिटं आहेत. तेवढ्या वेळात बारा नमस्कार सहज होतात. शेजारी मुलगा असो की मुलगी, दोन चटया टाकाव्यात. एकीवर स्वतः उभं राहावं. दुसरी फार दिवस रिकामी राहणार नाही.